घोडनवरी

मराठीत साधी चूक माणूस आपल्या पायानं करतो. मोठी चूक मात्र घोड्यावर बसून येते, म्हणून ती घोडचूक. हत्ती घोड्याहून केवढा तरी मोठा, तरी ‘हत्तीचूक’ असं कुणी म्हणत नाही. हत्ती राजाच्या दारातला, नाहीतर देवळाच्या भिंतीवरचा. घोडा मात्र गावात, वाटेवर, शेजारच्या गोठ्यातसुद्धा. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला जायचा आणि बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, एवढ्या एका फरकावर माणसाची पत ठरत होती. भीमेकाठची भीमथडी तट्टं नावाजलेली. अशा मुलखाच्या भाषेत घोडा ठायी ठायी सापडला तर नवल नाही. घोडामैदान जवळ असतं. काम अडलं की घोडं पेंड खातं. भाड्यानं बाजू मांडणारा तो भाडोत्री तट्टू. खोगिरात कोंबायच्या चिंध्यांवरून खोगीरभरती आली आणि आता ती कमिट्यांवर असते. इंग्रजीतही ओबडधोबड, मोठ्या वस्तूला ‘हॉर्स’ लावायची खोड आहे: हॉर्स चेस्टनट, हॉर्स रॅडिश. म्हणजे ही थट्टा आपली एकट्याची नाही.

पण या घोड्याची एक गंमत आहे. पुरुषाकडं गेला की तो त्याची मान वाढवतो: घोडदळ, घोडदौड, घोडेस्वार. ‘एवढा घोडा झालास तरी अक्कल नाही’ असं पोराला म्हणतात तेव्हाही त्यात कौतुक असतं; पोरगं अंगानं भरलंय, उद्या कामाला येईल. तोच घोडा बाईच्या नावापुढं आला की होते घोडनवरी. लग्नात नवरदेव घोड्यावर बसतो. नवरीला घोड्यावर बसवत नाहीत, तिलाच घोडा करतात.

घोडनवरी म्हणजे लग्नाचं वय उलटून गेलेली नवरी. किती उलटलेलं? शब्द ते सांगत नाही. त्यात आकडा नाही, आणि म्हणूनच मला तो इतिहासाच्या कामाचा वाटतो. प्रत्येक पिढीनं त्या रिकाम्या जागी आपापला आकडा भरलाय. लग्नपत्रिका, खानेसुमारी, कायद्याचे मसुदे यांत मुलींची वयं सापडतात. पण कोणत्या वयाला शेजारीण फिदकन हसायची, हे फक्त असल्या शब्दांच्या वापरावरून कळतं.

आम्हा बेळगावकडच्यांची तर दुहेरी पंचाईत. घरात मराठी, ओसरीवर कन्नड, आणि जैनांच्या घरात तर एकाच वाक्यात दोन्ही. कन्नडमध्ये मोठं झालेल्या पोराला-पोरीला ‘कत्तेगादष्टु वयस्सायितु’ म्हणतात, म्हणजे गाढवाएवढं वय झालं. एका कानात घोडा आणि दुसऱ्या कानात गाढव. दोन्ही मिळून खेचरच व्हायचं.

जुन्या स्मृतिकारांनी मुलीच्या वयाला नावं ठेवली होती, तीही चांगली. आठ वर्षांची ती गौरी, नऊ वर्षांची रोहिणी, दहा वर्षांची कन्या. त्यापुढं एकदम रजस्वला, आणि तिला घरात ठेवणाऱ्या बापाला पाप. दहाच्या पुढच्या मुलीसाठी शास्त्राकडं बरं नाव उरलं नव्हतं. ती जागा लोकांनी आपल्या बोलीनं भरली. मुलगी ‘उजवायची’, ‘कुठंतरी दावणीला बांधायची’, आणि चांगली असली तर ‘अगदी गाय आहे हो!’ गाय हे स्थळ जमवतानाचं प्रमाणपत्र. गोठा एकच, पण गाईला मान आणि घोडीला टोमणा, कारण गाय बांधल्या जागी राहते.

पुरुषाच्या वाट्याला आलेले शब्द बघा. दुसऱ्यांदा बोहल्यावर उभा राहणारा बिजवर, तिसऱ्यांदा उभा राहणारा तिजवर. म्हणजे मोजदाद. त्यात थट्टा नाही, जनावर नाही. पहिलवानाच्या कुस्त्या मोजाव्यात तशी त्याची लग्नं मोजली. फार उतावीळ झाला तर ‘गुडघ्याला बाशिंग’ म्हणून हसायचं, तेसुद्धा त्याच्या घाईला, वयाला नव्हे. ‘घोडनवरा’ हा शब्द होता, आहे. पण मी लहानपणी तो क्वचितच ऐकला. घोडनवरी मात्र रोजची.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या आकड्यावरून सगळा देश भांडला. १८८४ साली बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं लिहिली. त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर दावा लावला. अकराव्या वर्षी झालेलं लग्न आपल्याला मान्य नाही, सासरी जाणार नाही, असं ती बाई कोर्टात ठामपणे म्हणाली. १८८७ साली कोर्टानं तिला नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद भोग असं सांगितलं, तर ती कैदेला तयार झाली. पुढं तडजोड झाली, ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. मग कलकत्त्याला फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली, आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. दहाचे बारा. लग्नाचं वय नव्हे, नवऱ्यानं जवळ करायचं वय. त्या दोन वर्षांसाठी टिळक एका बाजूला आणि आगरकर, भांडारकर दुसऱ्या बाजूला. आज वाचताना वाटतं, भांडण धर्माचं होतं, सरकारनं घरात डोकवावं की नाही याचं होतं; सगळं खरं. पण घराघरात बायकांना एक निराळा प्रश्न पडला असणार: बारापर्यंत थांबलो तर लोक काय म्हणतील?

संस्थानांनी आपापल्या परीनं वाट काढली. म्हैसूरनं १८९४ साली आठ वर्षांखालच्या मुलींची लग्नं बंद केली. चौदाच्या आतली मुलगी पन्नाशीपुढच्या म्हाताऱ्याला द्यायचीही बंदी घातली. बडोद्याला सयाजीरावांनी १९०४ साली मुलीला बारा आणि मुलाला सोळा असा आकडा घातला. १८९९ साली देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं. त्यात पंच्याहत्तरीचा भुजंगनाथ आणि कोवळी शारदा. लोक त्या म्हाताऱ्याला हसले, ते फार बरं झालं; नाटकानं निदान काही काळ थट्टेचा रोख फिरवला.

त्याच १८९९ साली आमच्या भागात, निपाणीजवळच्या स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. पुढं कोल्हापूरला जैन बोर्डिंग निघालं, शेतकऱ्यांची पोरं तिथं राहून शिकायला लागली. मुंबईला सेठ माणिकचंद हिराचंद यांची मुलगी मगनबाई, स्वतः तरुणपणी विधवा झालेली, श्राविकाश्रम चालवत होती. सुधारणेचा इतिहास लिहिताना आपण सभा आणि ठराव मोजतो. मला बोर्डिंगमधली खोली जास्त महत्त्वाची वाटते. पोरगा वीस-बावीस वर्षांपर्यंत बोर्डिंगात राहिला की त्याला आठ वर्षांची गौरी नको वाटायला लागते. पत्र लिहिणारी बायको हवी असते. मुलींची वयं आधी मुलांच्या शाळेनं वाढवली, कायदा मागून आला. वरातीमागून घोडं.

तो कायदा म्हणजे हरविलास सारडांचा. त्याआधी अमरावतीच्या मोरोपंत जोशींच्या अध्यक्षतेखालची समिती देशभर फिरून साक्षी घेऊन आली होती. १९२९च्या शरदात कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३०पासून लागू झाला. मुलीला चौदा, मुलाला अठरा. मोडला तर एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. झालेलं लग्न मात्र रद्द नाही. मंजुरी आणि अंमल यांच्यामध्ये सहा महिने होते, आणि त्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. पाळण्यातल्या पोरींपासून सगळ्या उजवून झाल्या. १९३१च्या खानेसुमारीत लहान वयाच्या विवाहितांचे आकडे त्यामुळं फुगलेले दिसतात.

त्या फुगलेल्या आकड्यातली एक माझी आज्जी. १९३०च्या मार्चमध्ये चिकोडी तालुक्यातल्या एका गावात तिचं लग्न झालं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. खरं म्हणजे एकाच मांडवात दोन लग्नं व्हायची होती, तिचं आणि तिच्या थोरल्या बहिणीचं. थोरली तेरा वर्षांची. तिच्या नवऱ्या मुलाच्या घरी ऐनवेळी मयत झालं, सुतक आलं, आणि मुहूर्त टळला. पुढचा मुहूर्त एप्रिलनंतरचा, आणि एप्रिलनंतर तेरा वर्षांची मुलगी कायद्यानं अडली. त्यांचे वडील लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. हजार रुपये दंड हे शब्द ऐकूनच त्यांचं पाणी पाणी झालं. जवळच रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, बेळगावाला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात. ब्रिटिश मुलखातला कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे, आणि पुष्कळ लोक तसे हद्द ओलांडून अक्षता टाकून आले. ‘चला की मास्तर, एका रात्रीचं काम,’ असं लोकांनी सांगूनही पाहिलं. मास्तर नोकरीला भ्याले. मुलाकडच्यांनी थांबायचं नाकारलं, दुसरी मुलगी केली.

त्या थोरल्या बहिणीला आम्ही मोठी आज्जी म्हणायचो. धाकटी बहीण मंगळसूत्र घालून माहेरपणाला यायची आणि थोरली परकर-पोलक्यात पाणी भरायची. सरकारच्या हिशोबानं ती लहान होती, लग्नाला अजून अवकाश. गावाच्या हिशोबानं घोडनवरी. एकाच पोरीला एकाच दिवशी दोन वयं. विहिरीवर बायका म्हणायच्या, ‘मास्तरानं घोडी पाळलीया.’ मोठी आज्जी हे सांगताना हसायची, आणि आम्हीही हसायचो, कारण ती नक्कल फार छान करायची. घोडी पाळलीया म्हणताना कंबरेवर हात ठेवून मान अशी झटकायची की बोलणाऱ्या बाईचीच घोडी व्हायची.

त्या रिकाम्या दिवसांत वडिलांनी तिला वाचायला शिकवलं. दुसरं करणार काय? मुलगी घरात, बाप मास्तर. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं ते एका बिजवराशी, त्याला पहिलीचे दोन मुलगे. चांगलं स्थळ एकदा हातचं गेलं की घोडनवरीला बिजवरच, हा बाजारभाव ठरलेला. पण त्या सासरगावात वाचता येणारी बाई ती एकटी. पर्युषणात बस्तीमध्ये बायकांना पुराण वाचून दाखवायचं काम पन्नास वर्षं तिच्याकडं होतं.

तिच्या तोंडून मी नेमिनाथ-राजुलची कथा ऐकली. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बघायला माणसं येतात, रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची. तिथं मूळनायक नेमिनाथ आहेत. आलेला माणूस छतातलं दगडी कमळ बघून जातो. कथा अशी की नेमिनाथ वरातीनं निघाले, वाटेत वाड्यात कोंडलेली जनावरं ओरडताना दिसली. लग्नाच्या जेवणासाठी ती मारायची होती. त्यांनी रथ फिरवला, दागिने उतरवले आणि गिरनारकडं गेले. नवरी राजुल नटून उभी होती. तिनं दुसरं लग्न केलं नाही, तीही त्याच डोंगरावर आर्यिका झाली. मोठी आज्जी इथं थांबायची आणि आवाज खाली आणून म्हणायची, ‘जनावरांचं रडणं त्यास्नी ऐकू आलं बघा. पोरीचं नाही आलं.’ मग चष्मा वर करून पुढं वाचायची. आमच्यातल्या एका पंडितांना हे वाक्य सांगितलं तर ते रागावले. मला ते धर्माविरुद्ध कधी वाटलं नाही. राजुलचा अध्याय त्या बस्तीत तिच्याइतका मन लावून कुणीच वाचत नव्हतं.

राजुलला, किंवा ऋषभदेवांच्या अविवाहित मुलींना, ब्राह्मी-सुंदरींना, कुणी घोडनवरी म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. लग्न न करणाऱ्या बाईला आमच्या परंपरेत जागा होती, पण ती डोंगरावर. गावात, विहिरीवर, नव्हती. आणि जनावरांच्या नावांचं म्हणाल तर आमच्याकडं गंमतच आहे. तीर्थंकरांची लांछनं बघा: ऋषभदेवांचा बैल, संभवनाथांचा घोडा, अभिनंदननाथांचं वानर, वासुपूज्यांचा रेडा, विमलनाथांचं डुक्कर, कुंथुनाथांचा बोकड. मूर्तीच्या पीठावर ती कोरलेली असतात, त्यावरून तर मूर्ती ओळखायची. सकाळी त्यांच्यापुढं अक्षता वाहायच्या आणि बाहेर येऊन गड्याला रेडा, पोराला वानर, जावयाला पाठीमागं बैलोबा. मीही म्हणते. सवय जात नाही.

स्वातंत्र्यानंतर आकडे सरकत गेले. १९४९ साली चौदाचे पंधरा झाले. १९५५चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू झाला. १९७८ साली मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस. कायद्याच्या पुस्तकात हे एका ओळीत मावतं. घरात असं होतं: आईचं लग्न १९५७ साली, अठराव्या वर्षी, आणि तिच्या सासूनं, म्हणजे पंधराव्याच्या आत सगळं बघितलेल्या बाईनं, ‘घोडी आणलीया सून म्हणून’ असं हळद लावताना म्हटलं. माझं लग्न सव्विसाव्या वर्षी, धारवाडला एम.ए. करून, दोन वर्षं नोकरी करून. माझ्या वेळी घोडनवरी शब्द तोंडावर म्हणायची पद्धत गेली होती. लोक सुधारले होते. अक्षता पडल्यावर शेजारच्या काकू आईला एवढंच म्हणाल्या, ‘सुटलीस बाई, न्हालं एकदाचं घोडं गंगेत.’ आईनं त्यांना जेवणात जिलबी वाढली नाही. आईचा तेवढाच सूड.

मोठी आज्जी त्या लग्नाला होती. तिनं मला विचारलं, ‘किती शिकलीस?’ मी सांगितलं. ‘मग घोडी कशाला म्हणतात? घोडी शाळेला जाते होय?’ या प्रश्नाला माझ्या एम.ए.त उत्तर नव्हतं.

आता हा शब्द पुन्हा हिंडायला लागलाय, पण वाट बदलून. २०२१च्या डिसेंबरात मुलींचंही वय एकवीस करायचं विधेयक लोकसभेत आलं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर ते तसंच विरलं. त्यावर आमच्याकडं फारशी चर्चासुद्धा झाली नाही, कारण शिकलेल्या घरांत एकवीसला कुणी लग्नाचं नावच काढत नाही. चर्चा आहे ती मुलांची. २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी मोर्चा काढला. नवरदेवाचा पोशाख, मुंडावळ्या, पुढं बँड, आणि काही जण चक्क घोड्यावर. कलेक्टर कचेरीत निवेदन दिलं: मुलींची संख्या घटली म्हणून आम्हाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा. पेपरात फोटो बघून लोक हसले. मला मात्र त्या निवेदनातलं वाक्य बोचलं. ज्या मुली घोडनवऱ्या व्हायच्या वयाला आल्याच नाहीत, त्यांची ती मोजदाद होती.

आमच्या चिकोडी-रायबागकडं, हुकेरीकडं, पाच-सहा एकर उसाचा मालक असलेले पस्तिशीचे मुलगे घरोघरी आहेत. मुलगी नोकरीवाला मागते, पुण्या-बेंगळुरूचा मागते, शेण काढणार नाही म्हणते. मध्यस्थाच्या वहीत मुलांची यादी चार पानं आणि मुलींची अर्ध पान. परवा नात्यातल्या एका वहिनींनी मुलाची पत्रिका माझ्याकडं आणून दिली, तुमच्या ओळखी फार, बघा म्हणाल्या. जन्मसाल बघून मी बोटं मोजली, छत्तीस.

मी म्हटलं, ‘वहिनी, याला गावात घोडनवरा म्हणतात का हो?’

त्या दुखावल्या. ‘असं काय बोलताय अक्का? वय जरा पुढं गेलंय, एवढंच.’

मी पत्रिका ठेवून घेतली आणि चार ठिकाणी कळवते म्हटलं.